सुरीचं पाणी जोखताना

सुरी घ्यायला निघालेला माणूस तीन प्रश्न विचारतो. पोलाद कोणतं? कुठल्या देशाचं? केवढ्याला?

चौथा राहून जातो. कापते का?

स्पेनमध्ये बनणाऱ्या, न मिटणाऱ्या पात्याच्या सुऱ्यांचं सध्या हेच झालंय. साधारण ४० ते १०० युरोंत, म्हणजे ढोबळमानानं चार ते दहा हजार रुपयांत, मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं अखंड पोलाद, अक्रोडाची नाहीतर ऑलिव्हची मूठ आणि वर चामड्याचं म्यान. एक म्हणतो, एवढ्या स्वस्तात? नक्की कुठंतरी पाणी मुरतंय. दुसरा म्हणतो, युरोपची ना? मग डोळे मिटून घे.

सुरी ही डोळे मिटून घ्यायची वस्तू आहे?

किंमत बघून नाक मुरडणारा आणि देश बघून भुलणारा, दोघं एकाच तालमीतले. पातं न बघता निकाल देणारे.

तापवलेलं पोलाद विझवून कडक करणं, याला आपला लोहार ‘पाणी देणं’ म्हणतो. माणूस किती खरा हे बघायचं असेल तर आपण त्याचं ‘पाणी जोखतो’. सोयरीक जुळवताना, उमेदवार उभा राहताना, शेजारी नवा आला की सगळ्यांचं पाणी जोखून होतं. फक्त जिला खरोखर पाणी दिलेलं असतं, तिचं जोखायचं राहतं.

*

आधी पत्ता बघू. पत्त्यावरच लोक सर्वांत जास्त भुलतात.

स्पॅनिश पोलाद म्हटलं की टोलेडो आठवतं. टोलेडोच्या तलवारींची कीर्ती खरी होती. राजा तिसऱ्या कार्लोसनं १७६१ मध्ये तिथं तलवारींचा राजकारखाना काढला. त्याची भव्य इमारत आजही उभी आहे. तिथं आता विद्यापीठ भरतं.

तरी टोलेडोच्या गल्लीत पर्यटक तलवार विकत घेतो, भिंतीवर टांगतो आणि स्पॅनिश पोलादावर बोलायला लागतो. भिंतीवरच्या तलवारीला धारेची गरज नसते. बोलायला तर पोलादाचीही नसते.

तुम्ही जी सुरी घ्यायला निघालात, ती बहुतेक वेळा टोलेडोची नसतेच. ती येते अल्बासेतेहून. माद्रिदच्या आग्नेयेला, ला मांचाच्या माळावरचं हे शहर. नावच मुळी अरबी, अर्थ ‘सपाट मैदान’. डोन किहोते ज्या मुलखात पवनचक्क्यांवर चालून गेला, तोच हा मुलूख. शतकानुशतकं हे गाव सुऱ्या, कात्र्या आणि ‘नावाखा’ म्हणजे घडीचे चाकू यांवर जगलं. गावात सुऱ्यांचं संग्रहालय आहे. सुऱ्या विकणाऱ्याचा पुतळा आहे.

कमरेला सुऱ्या लावलेल्या साध्या विक्रेत्याचा पुतळा उभारणारी गावं जगात किती असतील?

हा विक्रेता कोण, तेही ऐका. १८५५ मध्ये अल्बासेतेला रेल्वे पोचली. गाडी थांबली की कमरेच्या रुंद पट्ट्यात चाकू-सुऱ्या अडकवलेली माणसं फलाटावर उभी असत. प्रवासी खिडकीतून हात काढायचा, पातं उघडून बघायचा, अंगठ्यानं चाचपायचा, पैसे द्यायचा. गाडी सुटायच्या आत निर्णय. हातात तक्ता नाही, पोलादाचा नंबर नाही.

त्या प्रवाशाला सुरी कळत होती. नाहीतर विक्रेत्याचा पुतळा झालाच नसता.

आता पत्त्याची एक गंमत, गंमत नाही, फसवणूक सांगतो. तीही जुनी. टोलेडोचा बोलबाला होता त्या काळात जर्मनीतल्या झोलिंगेनचे कारागीर आपल्या पात्यांवर टोलेडोच्या नामांकित लोहारांची नावं ठोकायचे. अशी पाती आज संग्रहालयांत आहेत. नाव स्पॅनिश, घडण जर्मन. गिऱ्हाईक खूश. कारण त्यानं नाव वाचलं होतं, पातं वाचलं नव्हतं.

चारशे वर्षांत गिऱ्हाईक किती बदललं?

आपल्या पूर्वजांना मात्र हे गणित कळत होतं. मराठ्यांची ‘फिरंग’ म्हणजे युरोपातून आलेलं सरळ पातं आणि त्याला इथली मूठ. कोल्हापूरच्या घराण्याशी जोडली जाणारी, इंग्लंडच्या राजसंग्रहात असलेली तलवारही तशीच, युरोपी पात्याची. पातं परक्याचं चालेल, पण ते पारखून घेतलेलं असलं पाहिजे. आणि मूठ आपल्या हाताला बसली पाहिजे. देशाभिमान पात्यात शोधायचा नसतो, हे रणात उभं राहणाऱ्याला ठाऊक होतं.

घरात बसून निवड करणाऱ्यालाच ते ठाऊक नाही.

*

अल्बासेते म्हणजे अख्खा स्पेन, असंही धरून चालू नका. कुदेमान, जोकर, निएतो ही नावं अल्बासेतेची. मुएला हे शिकारी सुऱ्यांचं मोठं नाव, ते सिउदाद रेआल प्रांतातल्या आर्गामासिया दे कालात्राव्हा या छोट्या गावचं. आणि आइतोर उत्तरेतल्या बास्क मुलखातलं, एर्मुआचं. एका देशाच्या शिक्क्याखाली किती वेगळे हात!

शिवाय स्पॅनिश कंपनीची सुरी स्पेनमध्येच बनलेली असेल असंही नाही. काही कंपन्या बाहेरून बनवून आणलेला मालही विकतात. खोक्यावर ‘स्पेनमध्ये रेखाटलेली’ असेल, ‘स्पेनमध्ये बनवलेली’ नसेल. दोन शब्दांत एका शब्दाचा फरक. पण त्या एका शब्दात एक अख्खा कारखाना असतो.

युरोपीय संघानं २०२३ मध्ये हातकामाच्या आणि औद्योगिक वस्तूंनाही भौगोलिक मानांकन देणारा नियम केला. आधी संघाच्या पातळीवर ते दारू आणि खाद्यपदार्थांपुरतं होतं. नियम चांगला आहे, कारागिरांच्या गावांना तो हवाच होता. पण मानांकन काय सांगतं? सुरी कुठली ते. कशी आहे, ते सुरीच सांगते.

*

आता पोलाद. इथं तर शाळकरी पाठांतर चालतं.

कुदेमानच्या पात्यावर ‘मोव्हा’ लिहिलेलं असतं. निएतोच्या पात्यावर ‘एएन ५८’. तिसरीकडं नुसताच आकडा, १.४११६. वाचणारा म्हणतो, मोव्हा म्हणजे काहीतरी खास दिसतंय. खास काही नाही. मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम या दोन धातूंच्या नावांची पहिली अक्षरं. ही सारी एकाच कुळातली पोलादं. कार्बन साधारण अर्धा टक्का, क्रोमियम १४ ते १५ टक्के.

आणि हे कूळ कुठं नांदतं? जर्मनीच्या नामवंत कंपन्यांच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांत.

म्हणजे जे पोलाद जर्मन नावाखाली ओट्यावर ठेवलं की ‘आयुष्यभराची सुरी’ ठरतं, तेच स्पॅनिश नावाखाली कमरेला लावलं की ‘हलकं’ ठरतं. पोलाद तेच. पाहणारे डोळे बदलले.

या पोलादात खोट नाही असं नाही. ते फार कडक होत नाही. धार लवकर बसते आणि लवकर उतरते. पण ते तुटत नाही, चटकन गंजत नाही आणि निसण्यावर चार हात फिरवले की पुन्हा कामाला लागतं. जंगलात, पावसात, रात्रीच्या मुक्कामाला तुम्हाला काय हवं? आठवडाभर टिकणारी पण बोथट झाली तर कारखान्यातच लागणारी धार? की रोज दोन मिनिटांत परत मिळणारी?

यावर वाद घालणाऱ्याला आधी विचारा, शेवटची सुरी तू स्वतः कधी पाजवलीस?

वरची पायरी आहे ‘एन ६९५’. ऑस्ट्रियाच्या बोलर कंपनीचं. सगळ्यांना माहीत असलेल्या ४४०-सी चं हे जुळं भावंड. कार्बन एक टक्क्याच्या आसपास, क्रोमियम १७ टक्के. धार जास्त टिकते, पाजवायला जास्त वेळ घेते. स्पॅनिश कारखाने हे पोलाद भरपूर वापरतात, आणि हेच पोलाद दुसऱ्या देशांतल्या सुरीत घ्यायला गेलात तर पुष्कळदा जास्त मोजावे लागतात. इथं खरा नफा गिऱ्हाइकाचा आहे.

तिसरं, स्वीडनचं ‘१४सी२८एन’. कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४, आणि थोडासा नायट्रोजन. बारीक कणाचं, चिवट, गंजाला दाद न देणारं. पातळ धारेला यासारखं दुसरं स्वस्त पोलाद शोधून दाखवा.

आणि ज्या पात्यावर नुसतं ‘४४०’ लिहिलंय, पुढं अक्षर नाही? ए, बी की सी, ते सांगितलेलं नाही? ए मध्ये कार्बन पाऊण टक्क्याच्या आत, सी मध्ये एक टक्क्याच्या आसपास. अक्षर छापायला शाई किती लागली असती?

जे अक्षर गाळलं जातं, ते बहुधा सी नसतं.

*

पण पोलादाचं नाव म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचं नाव. मुलगा कसा निघाला, ते दाखला सांगत नाही.

पोलाद हजार अंशांच्या वर तापवायचं, झटकन थंड करायचं, मग पुन्हा मंद आचेवर ठेवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. सगळा खेळ या तीन पायऱ्यांत. एकाच पोलादाची दोन पाती, एक भट्टीत नीट सांभाळलं, दुसरं घाईत काढलं. पहिलं वर्षभर साथ देईल. दुसऱ्याची धार कोवळ्या बांबूवर दुमडेल.

कडकपणा मोजतात रॉकवेलच्या मापात. हिऱ्याचा शंकू १५० किलोंच्या भारानं पोलादावर दाबायचा आणि किती खोल गेला ते बघायचं. साधी, प्रामाणिक चाचणी. या सुऱ्यांच्या खोक्यावर ५६ ते ५८ असा आकडा असतो. दोन अंकांची सवलत ठेवलेली असते, आणि दोन अंकांत धारेचा स्वभाव बदलतो.

तुमच्या हातातलं पातं त्यातलं कितीचं? खोक्याला माहीत नाही. निसण्याला माहीत आहे.

म्हणून सांगतो, नवी सुरी आणली की कारखान्याच्या धारेवर मत बनवू नका. ती धार मशीनवर काही सेकंदांत लावलेली असते. आधी वापरा, बोथट करा, स्वतः पाजवा. निसण्यावर पोलाद कसं चावतं, काठावरची कच सहज सुटते की रबरासारखी इकडून तिकडं लोळते, ते बघा. दुसऱ्या धारेपासून सुरीची ओळख सुरू होते. पहिली धार म्हणजे नुसता परिचय.

आणि पाजवायची म्हणून रस्त्यावरच्या विजेच्या चाकावर देऊ नका. ठिणग्या उडतात, पातं भाजतं, काठावर निळसर झाक येते. निळं दिसलं की समजा, पाणी उतरलं. भट्टीवाल्यानं निगुतीनं दिलेलं पाणी दहा सेकंदांत गेलं. मग शिव्या कोणाला? स्पेनला.

*

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. जाडी.

माहितीपत्रकात अभिमानानं लिहिलेलं असतं, पाच मिलिमीटर जाड पातं. गिऱ्हाईक भारावतं. पाच मिलिमीटर जाड पात्यानं कांदा कापलाय कधी? तो कापला जात नाही, फुटतो.

कापण्याचं काम पोलाद करत नाही, आकार करतो. धारेच्या मागं पातं किती पातळ होत गेलंय, यावर सगळं. स्वीडनच्या मोरा गावची प्लॅस्टिकच्या मुठीची सुरी या स्पॅनिश सुऱ्यांहून कितीतरी स्वस्त. पातं अडीच मिलिमीटरच्या आत. लाकूड लोण्यासारखं सोलते. तिच्याशेजारी कित्येक जाडजूड स्पॅनिश सुऱ्या कुऱ्हाडीच्या नात्यातल्या वाटतात.

मग स्पॅनिश कारागीर अडाणी आहेत का? मुळीच नाही. अडाणी आहे तो त्यांच्या सुरीचं काम न विचारणारा.

स्पेनमध्ये ‘मोंतेरिया’ ही शिकारीची जुनी पद्धत आहे. कुत्र्यांच्या टोळ्या रान उठवतात, रानडुक्कर निघतं, कुत्रे त्याला पकडून धरतात. तिथं बंदूक चालवली तर कुत्राच मरेल. म्हणून माणूस जवळ जाऊन सुरीनं काम संपवतो. त्या सुरीला म्हणतात ‘रेमाते’ची सुरी, शेवट करणारी. ती लांब हवी, टोकदार हवी, मुठीवरून हात घसरून पात्यावर जाऊ नये म्हणून आडवी पट्टी हवी. मुएलाच्या कित्येक सुऱ्या या परंपरेतून आल्या. त्या आकारामागं कारण आहे, आणि ते कारण फार गंभीर आहे.

ती सुरी सहलीला नेऊन टोमॅटो कापायचा आणि म्हणायचं, काही दम नाही. दम तुमच्या प्रश्नात नाही.

गेल्या काही वर्षांत याच कारखान्यांनी रानात राहण्याच्या, लाकूडकामाच्या सुऱ्या आणल्या. पातं आखूड, धार सरळ उताराची, मूठ गोलसर. या सुऱ्यांत स्पॅनिश काम मला सर्वांत जास्त पटतं. तिथंही जाडी बघा. तीन-साडेतीन मिलिमीटर असेल तर उचला. साडेचार-पाच असेल तर विचारा, ही कापायला आहे की फोडायला?

फोडायला असेल तर कुऱ्हाड घ्या. ती स्वस्तही आहे आणि प्रामाणिकही.

आणि पाठीवरचे करवतीचे दात? १९८२ चा ‘फर्स्ट ब्लड’ आला, तेव्हापासून करवतीच्या पाठीच्या, पोकळ मुठीच्या सुऱ्यांनी जग वेडं केलं. मुठीत गळ, काड्या, दोरा, टोपणात होकायंत्र. आइतोरची ‘जंगल किंग’ ही त्या लाटेतली गाजलेली स्पॅनिश सुरी, आणि तिचं काम खरोखर नेटकं होतं. पण पोकळ मुठीचा कायदा कोणाला चुकत नाही. मूठ पोकळ म्हणजे पोलाद मुठीत शिरत नाही. सगळा भार एका सांध्यावर. स्वस्त नकलांमध्ये तो सांधाच पहिल्यांदा सुटला.

मुठीत काय काय मावतं हे विचारणाऱ्यानं डबा घ्यावा.

*

मूठ आणि म्यान. कमी किमतीच्या सुरीत पैसा वाचवायचा तर तो इथंच वाचवतात.

स्पॅनिश सुऱ्यांच्या लाकडी मुठी सुंदर असतात, यात वाद नाही. ऑलिव्हच्या रेघा बघत बसाव्यात अशा. पण लाकूड श्वास घेतं. ला मांचाची हवा कोरडी. आपल्या सह्याद्रीत जूनमध्ये भिंती ओल्या होतात. माझ्याकडच्या अक्रोडाच्या मुठीच्या सुरीत दुसऱ्या पावसाळ्यानंतर लाकूड आणि पोलाद यांच्यामध्ये केस मावेल एवढी फट पडली. कोणाची सुरी ते महत्त्वाचं नाही, कारण कोरड्या मुलखातलं लाकूड ओल्या मुलखात आलं की हे होऊ शकतं. त्या फटीत पाणी साचतं आणि बाहेर चकचकीत असलेलं पातं आतून गंजायला लागतं.

उपाय आजीला ठाऊक होता. जवसाचं तेल. वर्षातून दोनदा मुठीला चोळायचं.

तेल चोळायचा कंटाळा असेल तर मायकार्टाची मूठ घ्या. कापडाचे किंवा कागदाचे थर राळेत दाबून बनवलेली. फुगत नाही, आकसत नाही, ओल्या हातात घसरत नाही. लाकडासारखी देखणी नाही म्हणून लोक बाजूला ठेवतात. चिखलात, अंधारात, पावसात मूठ कोण बघतं? हात बघतो.

चामड्याच्या म्यानाचंही तेच. दिसतं झकास. पण सुरी वर्षभर म्यानातच ठेवून कपाटात टाकली की चामडं ओल धरतं, कमावताना त्यात मुरलेली द्रव्यं पात्याला डागतात, आणि पावसाळ्यात वरून बुरशीचा पांढरा थर. म्यान हे सुरीचं प्रवासातलं घर. मुक्कामाला तिला बाहेर काढायची, पुसायची, कोरडी ठेवायची.

दुकानात म्यान उलटं धरून हलवा. सुरी खाली आली तर सुरी कितीही चांगली असो, व्यवहार तिथंच थांबवा. मांडीवर पडलेली धार देश विचारत नाही.

काही सुऱ्यांच्या म्यानाला ठिणगी पाडायची कांडी आणि पाजवायचा छोटा दगड असा संसार लटकवलेला असतो. कामाच्या वस्तू आहेत, जरूर घ्या. पण त्यांची किंमत सुरीच्या खात्यात मांडू नका. नवऱ्या मुलाच्या मोटारीवरून त्याचा स्वभाव ठरवण्यातला प्रकार आहे तो.

ठिणगी पाडायची असेल तर पात्याची पाठ बघा. काटकोनात, कडक कडेची असली तर कांडीवर खरवडल्याबरोबर ठिणग्यांचा पाऊस पडतो. पाठ गोल करून गुळगुळीत केली असेल तर दिसायला छान आणि चुलीला निरुपयोगी.

*

मग ही सुरी स्वस्त का?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला तर उत्तर अवघड नाही. सबंध गाव एकाच धंद्यात असलं की कामं वाटली जातात. पाती लेझरनं कापणारा, एका वेळी शेकडो पात्यांना पाणी देणारा भट्टीवाला, मुठीचं लाकूड पुरवणारा, म्यान शिवणारा, सगळे हाकेच्या अंतरावर. पिढीजात हात, घरगुती मालकी, आणि कहाण्या विकण्यावर कमी खर्च. पोलाद मध्यम प्रतीचं, पण जाणून घेतलेलं. किंमत इथं उतरते.

कहाणीचे पैसे वजा केले की सुरी केवढ्याला पडते, हे अल्बासेते आपल्याला दाखवतं.

मग या किमतीत काय सुटतं? शेवटचा हात. एका बाजूची धार दुसरीपेक्षा किंचित रुंद. मुठीची कड बोटाला टोचणारी. म्यानाची शिवण एखाद्या ठिकाणी वाकडी. हे दोष नजरेला दिसतात, आणि त्यातले बहुतेक घरी अर्ध्या तासात निघतात. कानस आणि पॉलिश पेपर घ्या, बसा.

जे निघत नाहीत ते वेगळे. वाकडं पातं. चुकलेलं पाणी. मुठीच्या आत अर्ध्यात संपलेलं पोलाद. ते दोष घरी सुधारत नाहीत. त्यांच्यासाठी दुकानातच डोळे उघडे हवेत.

सुरी डोळ्यांसमोर सरळ धरा, बंदुकीच्या नळीसारखी. पाठीची रेघ आणि धारेची रेघ एकमेकींशी जुळतात का? धार दिव्याखाली फिरवा. जिथं चमक दिसते तिथं धार नाही, कारण खऱ्या धारेला प्रकाश परतवायला जागाच नसते. मूठ आणि पोलाद यांच्या सांध्यावरून नख फिरवा. अडकलं की फट. टोकाकडं बघा, पातं घासताना ते जास्त तापून जळालेलं तर नाही? मग मूठ घट्ट धरा आणि पाच मिनिटं तशीच धरून ठेवा. हात कुठं दुखतोय?

पाच मिनिटांत दुखणारी मूठ पाच वर्षं कोण वापरणार?

एवढं केलंत की किंमत बघा. त्याआधी नाही. आधी किंमत बघितली की डोळे तीच शोधायला लागतात. स्वस्त असली तर दोष दिसतात, महाग असली तर गुण.

*

परदेशातून सुरी आणणाऱ्यांसाठी दोन ओळी. हातातल्या सामानात ती कधीच नाही, तपासून सोपवायच्या सामानातच. आपल्याकडच्या शस्त्रनियमांत घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी नसलेलं, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं परवान्याच्या कक्षेत येतं. आणि स्पेनमध्ये ११ सेंटिमीटरपेक्षा आखूड दुधारी टोकदार कट्यार तर बंदच. स्वतः सुऱ्या घडवणाऱ्या देशानं हा कायदा केलाय, कारण धार कोणाच्या हातात आहे हे त्यांना आपल्याहून जास्त कळतं.

कामाची सुरी घ्या. धाक दाखवायला सुरी हवी असेल तर माझा सल्ला एकच. घेऊ नका.

*

सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी पोटात खुपसून घेत नाही, असं आपल्याकडं म्हणतात. त्याच चालीवर दुसरीही बाजू आहे. साध्या पोलादाची झाली म्हणून सुरी फेकूनही देत नाहीत.

स्पेनची ही मध्यम किमतीची सुरी जगातली सर्वोत्तम नाही. ती तसं म्हणतही नाही. ती नीट निवडली, नीट पाजवली, नीट पुसून ठेवली तर मुलाच्या हाती देण्याएवढी टिकते. या पैशांत याहून मोठं वचन देणारे पुष्कळ भेटतील. पाळणारे थोडे.

फलाटावरचा तो विक्रेता आठवा. कमरेला सुऱ्या, समोर खिडकी, हातात चार-दोन मिनिटं. प्रवाशाला पोलादाचा नंबर माहीत नव्हता, कडकपणाचा आकडा माहीत नव्हता. त्याच्याकडं एक अंगठा होता आणि दोन डोळे. तेवढ्यावर त्यानं निवडलं, आणि ती सुरी घरी जाऊन भाकरी कापत राहिली.

आपल्याकडं वेळच वेळ आहे. अंगठाही तोच आहे.

मग अजून खोकं कशाला वाचताय? सुरी बाहेर काढा.